जुन्या रोड बाइकची चाकं: नाव नंतर वाचा, आधी रिमची भिंत बघा

प्रश्न नाशिकच्या एका सायकलवाल्यांचा आहे. थोडक्यात असा: दहा दिवसांपूर्वी त्यांनी जुन्यातली एक जपानी रोड बाइक घेतली. स्टीलची फ्रेम, पुढं दोन चकत्या, मागं सहा. रिमवरचे स्टिकर कुणीतरी खरवडून काढलेत, टायरच्या कडेला पुसट ‘२७ x १ १/४’ दिसतंय. मागचं चाक आउट आहे, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडं डुलतं, आणि हातानं फिरवलं की खरखर लागते. दुकानात दाखवल्यावर ‘दोन्ही चाकं भंगारात घाला, नवी जोडी टाका’ असं ऐकायला मिळालं. डिसेंबरात त्यांना २०० कि.मी.ची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायची आहे. त्यांना विचारायचंय, की ही चाकं नेमकी कुठली, ठेवण्यासारखी आहेत का, आणि ठेवली तर सांभाळायची कशी.

यातला खरा प्रश्न मधला आहे. ‘कुठली’ हे कुतूहल झालं, आणि ते रास्तही आहे, पण चाकाचं नाव कळल्यानं उतारावर ब्रेक लागत नाही. मी बरीच वर्षं चाकं बांधतोय. माझ्याकडं मोठ्या नावाची चाकं घेऊन येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना रिम बदलायला सांगावी लागली, आणि बिननावाच्या कितीतरी हबांना, म्हणजे चाकाच्या मधल्या भागांना, नुसतं ग्रीस भरून परत पाठवलं. माझा हिशोब असा: हब हा टिकणारा भाग, रिम हा झिजणारा. ब्रेक रिमवर लागतो, म्हणजे रिम ही ब्रेकची डिस्कच. ती संपतेच. प्रश्न एवढाच, की तुमची किती संपली आहे.

दुकानदाराला मी नावं ठेवणार नाही. जुनं चाक उघडून, धुऊन, छर्रे बदलून, आउट काढायला निम्मा दिवस जातो, आणि त्या निम्म्या दिवसाची मजुरी कुणी देत नाही. शिवाय हत्यार नसतं, सुटे भाग मागवावे लागतात. ‘नवं टाका’ हा त्याचा धंद्याचा हिशोब झाला. तो चाकाबद्दलचा निकाल समजू नका.

तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून मीही निकाल देऊ शकत नाही. तुमचं वजन किती, घाट किती उतरणार, पावसात चालवणार का, स्वतः हात काळे करायची तयारी आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. सत्तर किलोचा माणूस सपाटीवर ज्या चाकावर पाच वर्षं काढेल, त्याच चाकावर पंच्याण्णव किलोच्या माणसाला कसारा घाट उतरू द्यायला मी तयार होणार नाही. तेव्हा मी बघण्याची पद्धत सांगतो, बघायचं तुम्ही.

सुरुवात टायरवरच्या आकड्यापासून. तुमच्याकडं २७ x १ १/४ लिहिलंय आणि बाजारात तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल की ‘२७ काय अन् ७०० काय, सारखंच’. सारखं नाही. टायरचा काठ रिमवर जिथं बसतो, तिथला व्यास हे चाकाचं खरं माप. ७००सी म्हणजे ६२२ मि.मी. २७ इंची म्हणजे ६३०. आणि आपल्या दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या काळ्या सायकलीचं २८ x १ १/२ म्हणजे ६३५. गंमत अशी की युरोपात ७००सीच्या टायरवरही ‘२८’ लिहिलेलं असतं, त्यामुळं ‘अठ्ठावीसचा टायर द्या’ म्हटलं की दुकानातून ६३५चा हातात येतो. मोठा टायर लहान रिमवर आरामात चढतो, हवा भरली की एका बाजूनं वर येतो आणि बंदुकीसारखा फुटतो. लहान टायर मोठ्या रिमवर चढतच नाही. चढवायच्या नादात लोक टायर-लिव्हर मोडतात, ट्यूब चिमटतात, आणि दोष टायर कंपनीला देतात.

टायरवरचा आकडा वाचता येत नसेल, किंवा आधीच्या मालकानं चुकीचा टायर चढवला असेल अशी शंका असेल, तर टायर काढून रिमचा बाहेरचा व्यास मोजपट्टीनं मोजा. तो बसण्याच्या व्यासापेक्षा साधारण बारा मि.मी. जास्त भरतो. ६३४-६३५च्या आसपास आला तर ७००सी, ६४२च्या आसपास आला तर २७ इंची. टायरवर किंवा रिमवर ‘३२-६३०’, ‘६२२ x १५’ असं काही कोरलेलं सापडलं तर मोजायची गरजच नाही. त्यातला तीन आकडी नंबर तो व्यास, आणि दोन आकडी नंबर ती रुंदी.

दुसरं माप हबच्या रुंदीचं. चाक काढा आणि फ्रेमच्या मागच्या दोन पट्ट्यांमधली, म्हणजे एक्सल जिथं बसतो तिथली, आतली जागा मोजा. जुन्या पाच गिअरच्या सायकलींना १२० मि.मी., सहा-सातला बहुतेक १२६, आणि आठपासून पुढच्या रोड बाइकला १३०. तुमची १२६ निघेल असा माझा अंदाज. पुढचा चिमटा बहुतेक १०० असतो. हे माप आत्ताच वहीत लिहून ठेवा. उद्या नवं मागचं चाक घ्यायचं ठरलं तर ते १३०चं असणार आणि फ्रेमला चार मि.मी. फाकावं लागणार. स्टीलची फ्रेम दोन्हीकडून दोन-दोन मि.मी. घेते, त्यात विशेष काही नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग करू नका, ती वाकत नाही, तडकते.

तिसरी गोष्ट मागच्या गिअरांची. जुन्या चाकांत इथं दोन घराणी आहेत. एक ‘फ्री’चं: गिअर आणि आतली कुत्री (चाकाला एकाच दिशेनं पकडणारे खटके) असा अख्खा गोळा हबच्या आट्यांवर फिरवून बसवलेला. दुसरं कॅसेटचं: कुत्री हबच्याच अंगात, आणि चकत्या त्यावर नुसत्या सरकवलेल्या. शिमानोनं हे दुसरं घराणं १९७८ साली आणलं, पण पुढची बरीच वर्षं दोन्ही शेजारी नांदत होती, म्हणून नुसत्या सालावरून ठरवू नका. चाक हातात धरा, चकत्या उलट्या फिरवा आणि मधल्या भागाकडं, जिथं हत्यार बसायच्या खाचा असतात तिकडं, बघा. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. खाचा एक्सलबरोबर जागच्या जागी राहिल्या आणि फक्त चकत्या फिरल्या तर फ्री. सहा गिअर म्हणजे तुमची फ्री असण्याची शक्यता जास्त.

हा फरक इतक्या बारकाईनं का सांगतोय? फ्रीच्या हबमध्ये उजव्या बाजूचे छर्रे हबच्या पोटात, बरेच आत असतात. तिथून बाहेरचा एक्सल कशाच्याही आधाराशिवाय लांबवर जातो, आणि खड्ड्यांत तोच वाकतो. तुमची खरखर ग्रीस वाळल्यामुळं असेल तर ठीक. पण चाक काढून एक्सल दोन बोटांनी फिरवून बघा. टोक गोल फिरण्याऐवजी डुलत असेल तर एक्सल वाकलाय किंवा मधोमध तुटलाय. तुटलेला एक्सल क्विक रिलीजच्या, म्हणजे चाक हातानं पटकन काढता यावं म्हणून असलेल्या दांडीच्या, सळईनं नुसता आवळून धरलेला असतो, आणि लोक महिनोन्‌महिने त्यावर फिरत असतात. एक्सल स्वस्त आहे, त्यानं घाबरू नका.

फ्री काढायला तिच्या खाचांचं बरोबर हत्यार लागतं. शिमानोच्या पुढच्या काळातल्या फ्रीला आतून बारा दाते असतात, सनटूरच्या जुन्या फ्रीला दोन किंवा चार खाचा. दोन खाचांची असेल तर हत्यार खाचांत बसवून वरून क्विक रिलीजची सळई घालून आवळा, म्हणजे ते सटकणार नाही. मग हत्यार बाकाच्या शिकंजात धरा आणि अख्खं चाक गाडीच्या स्टिअरिंगसारखं डावीकडं फिरवा. ‘कट्‌’ झालं की लगेच सळई सैल करा, नाहीतर तीच तुटेल. खाचा एकदा गोल झाल्या की ती फ्री मोडूनच काढावी लागते.

आणि हे माझ्या बावळटपणातून आलेलं ज्ञान आहे: रिम बदलायची असेल तर तारा कापण्यापूर्वी फ्री काढा. शिकत असताना मी एकदा रिम खराब म्हणून सगळ्या तारा पकडीनं तोडल्या आणि मग हातात उरला फ्री चिकटलेला नुसता हब. पकडायला चाकच नाही, तर फिरवणार काय? वडिलांनी काही न बोलता तो हब दुकानात खिळ्याला टांगला. तो बरीच वर्षं तिथंच होता.

पेजो, मोतोबेकानसारखी जुनी फ्रेंच सायकल कुणाकडं असेल तर आणखी एक सापळा. त्या हबांचे आटे ३४.७ मि.मी. व्यासाचे, तर सर्वत्र चालणारे इंग्रजी आटे १.३७ इंचाचे, म्हणजे ३४.८. डोळ्याला फरक दिसत नाही, पण आट्यांचं अंतरही वेगळं असल्यामुळं इंग्रजी फ्री जोर लावून चढवली की हबचे आटे कायमचे जातात. जपानी सायकलीला ही भीती नाही.

तारा मोजायला एक मिनिट लागतं. फोटोत मला ३६ दिसतात. ही चांगली बातमी आहे: एखादी तार तुटली तरी चाक रस्त्यात बसत नाही, आणि ३६ भोकांची रिम आजही मिळते. (काळ्या सायकलीला पुढं ३२, मागं ४० तारा असतात. पोत्यांचं वजन मागच्या चाकावर पडणार हे त्या जुन्या लोकांनी मोजूनच ठेवलं होतं.)

आता तुमचं कुतूहल. रिमचं नाव गेलं असेल तर हबवर बघा. शिमानोच्या हबवर एफएच किंवा एचबी आणि पुढं आकडे कोरलेले असतात: एफएच म्हणजे कॅसेटचा मागचा हब, एचबी म्हणजे साधा हब. एफएच-६४०० असेल तर ‘६०० अल्टेग्रा’, एफएच-१०५५ असेल तर ‘१०५’. मॉडेल कळलं की बाकीचं सगळं शोधता येतं. शिमानोच्या जुन्या क्रँकच्या आतल्या बाजूला दोन इंग्रजी अक्षरं सापडतात: पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. ‘ए’ म्हणजे १९७६ धरून मोजत यायचं, म्हणून ‘जे सी’ म्हणजे मार्च १९८५. २००२ला परत ‘ए’पासून सुरुवात झाली, तेव्हा सायकलीचा एकूण अवतार बघून कुठलं ‘ए’ ते ठरवा. हे सायकलीचं वय झालं. चाकं मधे कुणी बदलली असतील तर त्यांचं वय निराळं.

एवढ्यानं चाक ओळखलं: व्यास, रुंदी, फ्री की कॅसेट, आणि तारा. आता ते जगणार की नाही ते बघू.

आधी लोहचुंबक लावा. चिकटला तर रिम स्टीलची, क्रोम चढवलेली. ती झिजत नाही, पण ओली झाली की ब्रेक धरत नाही, आणि नाशिकच्या पावसाळ्यात हे मला मान्य नाही. कोरड्या हवेतल्या फेरीला ठेवा, ब्रेव्हेला नको. नाही चिकटला तर अ‍ॅल्युमिनियम, आणि मग भिंतीची झीज बघायची.

ब्रेकचं रबर रिमच्या ज्या पट्ट्यावर घासतं तिथं स्टीलची पट्टी आडवी, म्हणजे टायरकडून हबकडं, टेकवा आणि मागून उजेड धरा. नव्या रिमची भिंत सपाट असते. झिजलेली आत गेलेली असते, पट्टीखाली उजेडाची कोर दिसते. अलीकडच्या रिमांवर झीज दाखवणारी बारीक खोबण किंवा ठिपका असतो, ती नाहीशी झाली की रिम संपली. तुमच्याइतक्या जुन्या रिमवर अशी खूण नसणार. तेव्हा जाडी मोजावी लागते, आणि तिथं व्हर्नियर थेट बसत नाही, कारण बऱ्याच रिमांच्या भिंतीच्या वरच्या काठाला आतून ओठ असतो आणि व्हर्नियर त्या ओठाचीच जाडी सांगतं. मी असं करतो: तुटलेल्या दोन मि.मी. तारेचा सरळ तुकडा भिंतीच्या आत ओठाखाली धरायचा, तुकड्यासकट जाडी मोजायची आणि दोन वजा करायचे. चाकाभोवती सहा-आठ ठिकाणी. कुठंही एक मि.मी.च्या खाली आली की मी ते चाक परत गाडीला लावत नाही. गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी नाही.

याचं कारण पातळ भिंत कुरकुरत नाही, आधी सांगत नाही. आत हवेचा दाब दोन्ही भिंतींना बाहेर ढकलत असतो, आणि एके दिवशी भिंत लांबलचक पट्टीसारखी उलगडते. माझ्याकडं एक चाक दुरुस्तीला आलं होतं. संध्याकाळी हवा भरून खुंटीला टांगलं, सकाळी मापं घेऊ म्हणून. रात्री शेजारी धावत आले, त्यांना सिलिंडर फुटल्यासारखं वाटलं होतं. हातभर भिंत सोलून बाहेर आली होती. दुसऱ्या दिवशी तो मुलगा त्याच चाकावर सिंहगड उतरणार होता.

झीज सोडून आणखी दोन गोष्टी. तारांच्या भोकांभोवती, विशेषतः मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला, केसासारख्या चिरा आहेत का ते टॉर्च धरून बघा. चीर असेल तर रिम बाद, वाद नाही. आणि ब्रेक हलका लावून चाक फिरवा. एकाच जागी प्रत्येक फेरीला टक्‌ लागत असेल तर तिथं भिंत फुगली आहे किंवा खड्ड्यानं आत बसली आहे. बारीक दब चालतो. फुगवटा चालत नाही.

टायर काढल्यावर रिमला भिंतीच नाहीत, टायर उथळ खोबणीत गोंदानं चिकटवलेला आहे, असं कुणाला आढळलं तर ती ट्युब्युलर रिम. रस्त्यात पंक्चर निघत नाही, टायर सहज मिळत नाही. हौशी माणसाला विका.

रिम पास झाली असं धरू. आता हब. खरखर लागते म्हणजे आतलं ग्रीस साबणासारखं झालंय किंवा छर्रे किंवा कोन (एक्सलवरचा, छर्र्यांना दाबून धरणारा शंकूसारखा नट) खाल्ले गेलेत. कोनला शिमानोच्या हबवर पुढं १३ आणि मागं १५ नंबरचा चपटा पाना लागतो, मागच्या लॉकनटला १७. साधा जाड पाना कोनच्या सपाट बाजूंवर बसत नाही. पकडीनं करायला जाऊ नका. खाली जुनं धोतर किंवा थाळी ठेवा, छर्रे घरंगळतात. बहुतेक हबांत पुढं प्रत्येक बाजूला ३/१६ इंचाचे दहा, मागं प्रत्येक बाजूला १/४ इंचाचे नऊ निघतात. जुन्या काम्पान्योलो रेकॉर्डच्या पुढच्या हबमध्ये मात्र ७/३२चे नऊ असतात, म्हणून काढलेला एक छर्रा मोजून मगच नवे आणा. जुने छर्रे परत घालू नका. इतक्या स्वस्त गोष्टीत कंजुषी करून कोन घालवण्यात अर्थ नाही.

सगळं रॉकेलनं धुऊन, पुसून कोरडं करा. मग बॉलपेनचं टोक कोनच्या घासलेल्या पट्ट्यावरून हळूच फिरवा. डोळ्याला न दिसणारा खड्डाही पेनला लागतो. कोन खाल्लेला असेल तर नवा कोन शोधायचा, थोडी वणवण होते पण मिळतो. वाटीत, म्हणजे हबच्या अंगातल्या भागात, खड्डे असतील तर तो हब गेला. जुन्या चाकाबद्दलचा खरा वाईट निकाल हाच. वाटी चकचकीत असेल तर तुमचा हब तुमच्या मुलालाही पुरेल.

ग्रीस भरपूर भरा, छर्रे त्यात बसवा, आणि कोन आवळताना एक गोष्ट लक्षात ठेवा: क्विक रिलीज आवळलं की एक्सल किंचित दबतो आणि कोन आणखी घट्ट होतात. म्हणून चाक बाहेर असताना अगदी बारीकसा खुळखुळाट ठेवायचा, जो सायकलीत आवळल्यावर नाहीसा व्हायला हवा. बाहेर असताना तंतोतंत बसवलेला कोन आत गेल्यावर छर्रे चिरडतो. तीन-चार वेळा खोल-लाव करावी लागते, मलाही लागते.

फ्रीच्या आत मात्र ग्रीस कोंबू नका. कुत्री चिकटतात आणि पायडल मोकळं फिरतं. फ्री रॉकेलमध्ये बुडवून घुसळायची, वाळवायची, आणि मागच्या फटीतून पातळ तेलाचे थेंब सोडायचे. आणि एक विनंती: सायकल गाड्या धुणाऱ्यांकडं फवाऱ्याखाली धरू नका. तो दाब हबमधलं ग्रीस धुऊन तिथं पाणी आणि माती बसवतो. माझ्याकडं पावसाळ्यानंतर येणारी निम्मी खरखर तिथूनच येते.

आउट काढायचं शेवटी. निपल, म्हणजे रिमपाशी तार आवळणारे छोटे नट, गंजलेले असतील तर आदल्या दिवशी प्रत्येक निपलच्या दोन्ही टोकांना तेलाचा थेंब सोडा, नाहीतर तार पिळवटते पण निपल फिरत नाही. तारेची चावी निपलच्या मापाचीच हवी. सैल चावीनं कोपरे गेले की पुढं कुणालाच काही करता येत नाही. टायरच्या बाजूनं बघितलं तर निपल घड्याळाच्या दिशेनं फिरवला की तार घट्ट. एका वेळी पाव फेरा. रिम उजवीकडं जात असेल तर तिथल्या डाव्या तारा आवळायच्या, आणि तितक्याच उजव्या सोडायच्याही. आपल्याकडं सगळीकडं नुसतं आवळतच जातात. मग चाक सरळ दिसतं, पण रिम भोकांपाशी तडकते. तारा सतारीसारख्या छेडून बघा: एका बाजूच्या सगळ्यांचा सूर जवळपास एक लागला पाहिजे. मागच्या चाकात गिअरच्या बाजूचा सूर वरचा आणि डावीकडचा खालचा, हे बरोबर आहे. गिअरच्या बाजूच्या तारा जास्त उभ्या असल्यामुळं त्यांना जास्त ताण लागतो.

रिम फ्रेमच्या मधोमध आहे का हे बघायला हत्यार नको. चाक काढून उलटं, म्हणजे डावीकडचं उजवीकडं करून, बसवा. रिम त्याच जागी आली तर मधोमध. बाजू बदलली तर जितकी सरकली त्याच्या निम्म्यानं दुरुस्ती.

तारा हबच्या कोपऱ्यापाशी एकामागून एक तुटत असतील तर एकेक बदलत बसू नका. तिसरी तुटली की उरलेल्याही थकल्या आहेत असं समजून सगळं चाक नव्या तारांनी बांधून घ्या.

किरकोळ वाटणाऱ्या पण रस्त्यात बसवणाऱ्या काही गोष्टी. रिमच्या आतली पट्टी जुनी असेल तर बदला, कापडी उत्तम. वाळलेली पट्टी भोकात दबते आणि आतून पंक्चर होतं. व्हॉल्व्हचं भोक प्रेस्टाच्या, म्हणजे बारीक व्हॉल्व्हच्या, मापाचं, साडेसहा मि.मी.चं असेल तर तिथं मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह बसावा म्हणून ड्रिल मारू देऊ नका. अरुंद रिम तिथूनच कमजोर होते. ब्रेकची रबरं वाळून दगड झालेली असतात, नवी घाला, आणि दर महिन्याला त्यात रुतलेले अ‍ॅल्युमिनियमचे चकाकणारे कण सुईनं काढा. रिमला कानस लावण्याचं काम तेच करतात. तुमच्या फ्रेमला मागं एक्सल आडव्या खाचेत बसत असेल तर क्विक रिलीज जुन्या पद्धतीचंच ठेवा, ज्याची कळ, म्हणजे दांडी फिरवल्यावर आवळणारा आतला भाग, झाकलेली असते आणि दाते स्टीलचे. हलकं, उघड्या कळीचं नवं क्विक रिलीज तिथं धरत नाही. चढावर जोर लावला की चाक सरकून फ्रेमला घासतं.

तर तुमचं काय? भिंत एक मि.मी.च्या वर, चिरा नाहीत आणि वाट्या स्वच्छ असतील तर चाकं ठेवा. छर्रे, ग्रीस, पट्टी, रबरं, २७ इंची नवे टायर, आणि झालं. २७ x १ १/४चे चांगले टायर आजही निघतात, पण कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणार नाहीत, म्हणून मागवताना एक जास्तीचा मागवा आणि ब्रेव्हेला तो घडी करून बरोबर ठेवा. रिमच्या भिंतीला आतून ओठ नसेल तर टायरवर लिहिलेला कमाल दाब भरू नका. अशा रिमवर मी ७० पीएसआयच्या पुढं जात नाही.

रिम गेली पण हब चांगला असेल तर त्याच हबवर ३६ भोकांची ७००सी रिम बांधून घ्या, टायरची कटकट कायमची मिटेल. त्याआधी ब्रेक तपासा: नवी रिम चार मि.मी. हबकडं सरकणार, म्हणजे रबरं तेवढी खाली उतरायला ब्रेकच्या खाचेत जागा हवी. तारा नव्या लागतील, जुन्या लांब पडतात. दोन्ही गेलं असेल, तरच दुकानदाराचं म्हणणं खरं. तेव्हा १३०चं तयार चाक घ्या आणि फ्रेम फाकवून घ्या, मात्र ते काम फ्रेम सरळ करता येणाऱ्या माणसाकडूनच.

ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात आणि चाकाचा वेग त्यात फारसा आड येत नाही, चाक बंद पडणं आड येतं. म्हणून जे काही कराल ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत संपवा. आउट काढलेलं किंवा नवं बांधलेलं चाक पहिल्या शंभर कि.मी.मध्ये थोडं बसतं, तेवढं चालवून परत एकदा सूर तपासा, कोनचा खुळखुळाट बघा. एक्सल डुलतोय का आणि पेनला खड्डा लागतोय का, एवढं बघून कळवा, म्हणजे कोन कुठला शोधायचा ते सांगता येईल.